तुम्ही विचारलंत म्हणून: आमचंच नाव विकत का नाही घेतलं?

लग्नाच्या पंगतीत, बचत गटाच्या बैठकीत, परवा तर भाजी घेताना. "दीड लाखात मिटत होतं, मग मिटवलं काऊन नाही?" एकदा लिहूनच टाकते.

आमच्या सावजी मसाल्याच्या पाकिटावर सासूबाईंचं नाव आहे आणि आमचा माल ठोकमध्ये उचलणाऱ्यानं तेच नाव स्वतःसाठी ट्रेडमार्कला टाकलं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं ऐका.

आधीच नोंदणी का नाही केली? घरगुती धंद्याला ऑनलाइन फी एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची, ४,५०० रुपये, मसाले ३०व्या वर्गात. माहीत होतं. पण तेव्हा कांडप मशीनचा हप्ता होता, आणि मशीन नसती तर त्या नावानं विकलं काय असतं? शिवाय 'सावजी' अख्ख्या नागपूरचं, ते एकट्याला कोण देणार? राहिलं सासूबाईंचं नाव. ते कोण नेतो, असं मी म्हणायची. आजही मशीनच आधी घेईन. आणि नागपुरात बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे म्हणून सारखं सुनावणाऱ्यांनो, तिथं प्रशिक्षण मिळतं. आपले ट्रेडमार्कचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे असतात.

शेवटी अर्ज केला तेव्हा आक्षेप आला: याच नावाचा आधीचा अर्ज आहे. अर्जदाराचं नाव वाचून मी सरळ इतवारीत त्याच्या गोदामात गेले.

त्यानं स्वतः उठून खुर्ची पुसली. चहा मागवला. पोराला म्हणाला, "ताईंना बिनसाखरेचा." माझी साखर वाढलेली त्याला ठाऊक, कारण दिवाळीला घरी जेवून गेलेला माणूस. मग म्हणाला, "नाव तुमचंच आहे जी, मी कुठं नाही म्हणतो? दुसऱ्या कोणी टाकलं असतं तर? मी सांभाळून ठेवलं." सांभाळण्याचे किती, विचारलं. कॅल्क्युलेटर ओढून त्यानं फी, वकील, 'माझी धावपळ' असं बोलत आकडे मारले आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. दीड लाख. तोंडानं आकडा उच्चारलाच नाही. मी चहा पूर्ण प्यायले. का प्यायले, याचा राग मला त्याच्यापेक्षा जास्त आहे.

वकिलांनी दोन्ही रस्ते सांगितले. हस्तांतरणाचा करार केला तर त्याचा अर्ज आपल्या नावावर येतो. नाहीतर, त्याचा अर्ज जर्नलमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या पत्रिकेत, प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवायचा, ऑनलाइन फी २,७०० रुपये. आधीपासून वापरणाऱ्याला कायदा मानतो, पण वापर कागदावर दाखवावा लागतो. आमची जुनी बिलं कच्ची, त्यांवर नुसतं 'मसाला ५ किलो'. पाकीट छापणाऱ्याचं एक पक्कं बिल सापडलं, त्यावर नाव होतं. सासूबाईंना विचारलं, कधीपासून? "मोठीच्या लग्नाआधीपासून." वकिलांना तारीख हवी होती.

मी विरोध नोंदवला. दोन महिन्यांत त्याचं उत्तर आलं नसतं तर त्याचा अर्ज तिथंच निकालात निघाला असता. आलं. त्यात लिहिलं होतं की हे नाव त्यालाच सुचलं. सासूबाईंना मी ते वाचून दाखवलेलं नाही.

गोदामातून निघालेली मी म्हणत होते, पैसे दिले की नाव त्याचं होतं हे मी सहीनिशी कबूल केलं. वकिलांची बिलं भरणारी मी म्हणते, कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? आतापर्यंत त्या दीड लाखाच्या निम्म्याहून जास्त वकिलांकडेच गेले, आणि ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्या नोंदणीचा कागद मागतात. पहिली म्हणते, त्याला दिले की उद्या दुसरा कोणी आमच्या लोणच्याचं नाव 'सांभाळायला' घेईल. ते २९व्या वर्गात येतं, तिथं आम्ही अजून काहीच केलेलं नाही. दोघींचंही मला पटतं, म्हणून तुम्हाला दर वेळी वेगळं उत्तर मिळतं. हल्दीरामचं उदाहरण देऊ नका. त्या नावावरून एकाच घराण्याच्या शाखा वर्षानुवर्षं कोर्टात होत्या.

तोवर पाकिटावर बारीक 'टीएम' (ट्रेडमार्क) छापतो, त्याला नोंदणी लागत नाही. वर्तुळातला 'आर' नोंदणीशिवाय लावता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला: नव्वद हजार. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही.