आता बाकडी ओढणार हाय गं

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून बॅचच्या ग्रुपवर तीनचारदा मेसेज आला आणि दरवेळी मी बघते बघते म्हणत राहिले. कारण शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला शाळेच्या आधीचं लिहावं लागतं, आणि ते मी आजवर कधी लिहिलेलं नाही. बोललेय, तेही अगदी मोजक्या माणसांशी.

माझं गाव तेरणाकाठचं. किल्लारीच्या भूकंपात जी ५२ गावं पुरती गेली त्यातलंच एक. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा येऊन झोपलेले. मी चौथीत होते, नऊ वर्षांची. आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ घरात होते, मी आणि आज्जी अंगणात बाजेवर. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ ला, किल्लारीकडं हादरे बसत होते तेव्हा आमच्याकडं सगळेच भिऊन काही दिवस बाहेर झोपायचे, मग भीती मोडली तसे एकेक करत घरात गेले, आज्जी तेवढी गेली नाही. ती म्हणायची मला माळवदाखाली, त्या मातीच्या छताखाली, आता डोळाच लागत नाही. म्हणून आम्ही दोघी राहिलो. त्या पहाटे काय बघितलं ते मी इथं लिहिणार नाही. नंतर पाऊस लागला तो थांबतच नव्हता, एवढं आठवतं.

पुढचे काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये. गाड्या यायच्या, कपडे वाटायच्या, लोक खरंच मनापासून मदत करायचे, ते मी कधी नाकारणार नाही. पण येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "तुझं कोण कोण गेलं?" आणि मी पाठ केल्यासारखं सांगायचे. मग कुणीतरी म्हणायचं, नशीबवान आहेस बाळा, वाचलीस. नऊ वर्षांच्या पोरीला हे वाक्य कसं लागतं ते बोलणाऱ्याला कळत नसावं, नाहीतर कुणी बोललं नसतं.

जून १९९४ ला आत्यानं मला उमरग्याला आणलं आणि आपल्या शाळेत पाचवीत घातलं. आज्जीपण आली. लेकीच्या घरी कसं राहायचं म्हणून ती दिवसदिवस अवघडलेली असायची, पण माझ्यासाठी राहिली. आत्याचं घर स्लॅबचं होतं तरी मी आत झोपायचे नाही, मग आज्जी माझ्यासोबत अंगणात. थंडीत आत्या वाकळा आणून टाकायची आणि काही न बोलता आत जायची. जवळजवळ अडीच वर्षं! माझी म्हातारी आज्जी अडीच वर्षं माझ्यामुळं उघड्यावर झोपली आणि एकदा पण म्हणाली नाही की आता बास कर.

शाळेत माझी अवस्था काय होती ते माझ्या वर्गातल्या पोरींना आठवत असेल. हायवेवरून लोड ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची आणि मी वही टाकून बाहेर पळायचे. आभाळ गडगडलं तरी तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या वर्गात बाकडी सरकवली की तो जो घर्रर्र आवाज फरशीतून पायात यायचा ना, तो मला सहनच व्हायचा नाही. पहिल्या आठवड्यातच मी दोनदा पळत गेटपर्यंत गेले. पोरं हसली. मी पण त्यांच्या जागी असते तर हसले असते बहुतेक, त्यांना काय माहीत.

गेटवर आपले शिपाईमामा असायचे. त्यांनी मला धरलं नाही, ओढत वर्गात नेलं नाही, काय झालं हे सुद्धा विचारलं नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बस म्हणाले आणि स्वतःचं काम करत राहिले. माझा श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "कशाचं भ्या वाटलालंय?" मी म्हटलं बाकड्यांचं. ते फक्त "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत कुठंही बाकडी हलवायची असली, चाचणी परीक्षेला, गॅदरिंगला, कशालाही, की मामा आधी आमच्या वर्गाच्या दारात यायचे. शिकवणं चालू असलं तरी सरांची परवानगी घेऊन डोकं आत घालायचे आणि म्हणायचे, "आता बाकडी ओढणार हाय गं." एवढंच. मग जायचे आणि ओढायचे. आवाज तोच असायचा, पण तो येणार हे मला माहीत असायचं. आधी मी बेंचची कड घट्ट धरून बसायचे, नखं पांढरी पडायची. सातवीत कधीतरी लक्षात आलं की ते सांगून गेले आणि मी लिहितच राहिले होते. तरी त्यांनी सांगणं सोडलं नाही, मी दहावीत जाईपर्यंत सांगायचे. पाच-सहा वर्षं एक माणूस दुसऱ्याच्या लेकरासाठी रोजच्या कामातून एवढी एक गोष्ट विसरत नाही, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता गणिताच्या बाईंचं. बाई तशा कडक, सगळ्यांनाच माहितीये. माझे लाड त्यांनी अजिबात केले नाहीत, गृहपाठ नाही केला तर इतरांसारखंच उभं करायच्या, आणि मला ते बरं वाटायचं, कारण बाकी सगळीकडं मी "ती भूकंपातली पोरगी" होते. फक्त मधल्या सुट्टीत एकदा बाजूनं जाताना विचारायच्या, "रात्री झोपलीस का?" मी हो किंवा नाही म्हणायचे, आणि त्या पुढं जायच्या. रोज. नाही म्हटलं म्हणून कधी लेक्चर नाही दिलं.

सातवीत असताना त्यांच्या या रोजच्या प्रश्नाला मी एकदा हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही म्हटलं, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. भूकंपाच्या त्या रात्री माझा भाऊ पण आमच्यासोबत अंगणात झोपायला आला होता. पाच वर्षांचा. झोपेत लाथा मारायचा तो. मी त्याला म्हटलं जा आईजवळ, आणि तो उठून गेला. हे मी आज्जीला पण सांगितलं नव्हतं. तीन वर्षं पोटात घेऊन फिरत होते की मी त्याला आत पाठवलं.

बाई लगेच "तुझी काय चूक गं" वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि सुट्टी संपल्याची बेल होऊन गेली तरी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, शनिवारी शाळा सुटल्यावर थांब.

शनिवारी त्या मला जुन्या गावातल्या एका गल्लीत घेऊन गेल्या. तिथं एक जुनं माळवदाचं घर पाडायचं काम चालू होतं, नवीन बांधायचं म्हणून. मी लांबूनच थांबले, पाय उचलेना. बाई म्हणाल्या, इथूनच बघू, पुढं नाही जायचं. बाईंनी विचारलं तसं मिस्त्रीनं अर्धी पाडलेली भिंत दाखवली. बाहेरून एक दगडांचा थर, आतून एक थर, आणि मधी नुसते बारके दगड आणि चिखल. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा एकही दगड नाही. मिस्त्री म्हणाला, बाई ही भिंत जाडजूड दिसतीय पण आतून दोन वेगळ्या भिंती हायत, हलवलं की पोट फुटल्यासारखी फुटती. आणि वर पांढरी माती, दरवर्षी पावसाच्या आधी नवीन टाकायची, जुनी कुणी काढत नाही, त्यामुळं दोन दोन फूट चढलेली.

मग बाईंनी पिशवीतून वही काढली आणि मला गणित घातलं. भर रस्त्यात! खोली दहा बाय बारा, माती दोन फूट, किती झाली? २४० घनफूट. एक घनफूट दाबलेली माती साधारण ४५ किलो धर. मी गुणाकार केला, १०,८०० किलो. बाई म्हणाल्या टनात सांग. मी म्हटलं, जवळजवळ अकरा टन. लोड ट्रकएवढं वजन, एका खोलीवर, आणि खाली तसल्या भिंती. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "आता सांग, यातलं नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात काय होतं?"

मी खूप रडले तिथं. बाई पण रडल्या, आणि तो मिस्त्री डोक्यावरची पाटी खाली ठेवून आमच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला.

त्या रात्री मी लगेच घरात झोपले असं काही झालं नाही. पुढं एकदोन महिन्यांनी, डिसेंबरात, आज्जीला खोकला फार झाला होता तेव्हा मीच म्हटलं आज्जी आपण आत जाऊ, दाराजवळ झोपू. आणि भाऊ मला अजून आठवतो, त्याला जा म्हटलेलं अजून आठवतं. पण ते वजन आता अकरा टनांचं आहे, माझ्या एकटीच्या अंगावरचं नाही.

लोक मला म्हणतात तू फार खंबीर आहेस. मला ते पटत नाही, आणि इथं स्पष्ट लिहायचंय की का पटत नाही. माझा एक चुलत भाऊ होता, माझ्याच वयाचा, माझ्याहून हुशार आणि माझ्याहून धीट. भूकंपानंतर पहिल्या दिवशी लहान लहान पोरांना तोच बिस्किटं वाटत फिरत होता. त्याला ज्यांच्याकडं ठेवलं तिथं त्याच्या नावचे मदतीचे पैसे दारूत गेले, मग तो दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं, दोन वर्षांत तीन शाळा. आठवीत शाळा सुटली. त्याला रोज झोपलास का म्हणून विचारणारं कुणी एका जागी नव्हतंच. आज तो कुठं आहे आम्हाला माहीत नाही. खंबीरपणा आतून येत असता तर आज हे मनोगत त्यानं लिहिलं असतं.

मी स्वतः आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका ट्रेनिंगमध्ये कवाई बेटावरच्या अभ्यासाबद्दल ऐकलं आणि मग शोधून वाचलं. हवाईमधल्या त्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली ज्यांची परिस्थिती सगळ्यात बिकट होती, म्हणजे गरिबी, घरात भांडणं, आईबापाचं आजारपण, त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरी चांगली, मायाळू, स्वतःच्या पायावर उभी अशी मोठी झाली. आणि या मुलांमध्ये परत परत दिसलेली गोष्ट म्हणजे त्यांना लहानपणी किमान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आईबापच पाहिजेत असं नाही, आज्जी, शेजारी, शिक्षक, कुणीही. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर वर्गाच्या दारातून आत आलेलं मामांचं डोकं आलं, पांढरी टोपी आणि मागं हातात किल्ल्यांचा जुडगा.

आणि एकदा सावरलं म्हणजे संपलं असंही नसतं. २६ जानेवारी २००१, मी अकरावीत. सकाळी झेंडावंदन करून घरी आले आणि टीव्हीवर भूजचं दाखवायला लागले. मी तशीच युनिफॉर्मवर अंगणात जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत आत गेले नाही, सात वर्षांचं सगळं पुसल्यासारखं झालं. संध्याकाळी बाई आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या शेजारी बाजेवर बसल्या, पर्समधून शेंगा काढल्या आणि सोलत बसल्या. एक मला, एक त्यांना. अंधार पडेपर्यंत. जाताना म्हणाल्या, उद्या विचारणार आहे हं झोपलीस का ते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर शाळा उघडल्या तेव्हा माझ्या वर्गात एक पोरगा होता, त्याचे वडील त्यातच गेलेले. रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स गेली की तो कानावर हात ठेवून बेंचखाली जायचा. अॅम्ब्युलन्स यायच्या आधी त्याला कसं सांगणार, मामांसारखं मला ते जमलं नाही. मग मी एवढंच केलं की सायरन ऐकू आला की शिकवणं थांबवून त्याच्या बेंचपाशी जाऊन उभी राहायचे, आवाज लांब जाईपर्यंत. काही बोलायचे नाही. आता तो आठवीत आहे, दुसऱ्या शाळेत. रविवारी फोन करतो.

बाई रिटायर झाल्या, लातूरला असतात. ३० सप्टेंबरला दरवर्षी त्यांचा फोन येतो, त्या दिवसाचं नाव काढत नाहीत, नातवंडांचं सांगतात आणि शेवटी तोच प्रश्न. आज्जी २००९ ला गेली, नव्या गावातल्या स्वतःच्या घरात, अंगणात बाज टाकूनच झोपायची शेवटपर्यंत.

शिपाईमामा जाऊन बरीच वर्षं झाली, मला कळलं तेव्हा दहावा पण होऊन गेला होता. स्मरणिकेच्या टीमला आणि वाचणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. माझ्याकडं मामांचा एकही फोटो नाही. आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोत ते नाहीत, कारण त्या दिवशी नेमकी आज्जी परीक्षेच्या आधी मला बघायला म्हणून गावाकडून आली होती आणि फोटोच्या वेळेला मामा तिची पिशवी घेऊन तिला एसटीत बसवायला स्टँडवर गेले होते. १९९४ ते २००० च्या कुठल्याही बॅचच्या फोटोत ते कडेला उभे दिसत असतील, अर्धे कापलेले असले तरी चालतील, तर मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाका.