यादवी युद्ध सुरू झालं ते कोणत्या साली? नेपाळचा घोळ

यादवी युद्धांच्या कारणांवरचा आकडेवारीचा एखादा पेपर हाती आला तर निष्कर्षाकडे धावू नका. आधी परिशिष्ट उघडा. किती माणसं मेल्यावर 'युद्ध' धरलंय आणि त्याची सुरुवात कोणत्या साली लावलीय, एवढं बघा. निम्मी भांडणं तिथलीच असतात.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत एका कॅलेंडर वर्षात लढाईशी संबंधित २५ मृत्यू झाले की सशस्त्र संघर्ष धरतात, १००० झाले की युद्ध. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या राज्यशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या गाजलेल्या पेपरात वेगळी पट्टी आहे: पूर्ण काळात किमान १००० मृत्यू, वर्षाला सरासरी किमान १००, शिवाय दोन्ही बाजूंचे किमान शंभर-शंभर तरी. ही शेवटची अट एकतर्फी कत्तली वगळण्यासाठी.

आता या पट्ट्या नेपाळला लावून बघा. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी रोल्पा, रुकुम, सिंधुली या जिल्ह्यांत पोलीस चौक्यांवर हल्ले केले. पुढची पाचेक वर्षं मुख्यतः पोलीसच लढत होते, सैन्य बराकीत. नोव्हेंबर २००१ मध्ये दाङ जिल्ह्यातल्या घोराही इथल्या सैन्यतळावर हल्ला झाला, २६ तारखेला आणीबाणी लागली आणि सैन्य बाहेर पडलं. मृत्यूंचा मोठा भाग त्यानंतरचा. म्हणजे २५ ची पट्टी लावली तर सुरुवात १९९६, वर्षाला हजाराची लावली तर २००२.

फरक काय पडतो? अशा अभ्यासात कारणं साधारणपणे सुरुवातीच्या आदल्या वर्षाची घेतात. १९९५ घेतलं तर समोर येते १९९० च्या संविधानानंतरची कोवळी संसदीय लोकशाही आणि सतत बदलणारी सरकारं. २००१ घेतलं तर राजवाड्यातलं हत्याकांड, नवा राजा आणि लढाईनं आधीच पोखरलेली अर्थव्यवस्था. युद्धाचा परिणाम युद्धाचं कारण म्हणून तक्त्यात जाऊन बसतो. गणित बरोबर, उत्तर चूक.

साल नीट लावलं तरी पुढचा पेच उरतोच. दरडोई उत्पन्न कमी असलेल्या देशांत यादवीची शक्यता जास्त, हे बहुतेक सगळ्यांच्या आकड्यांत येतं. पॉल कॉलियर आणि अँके होफलर हे अर्थतज्ज्ञ याचा अर्थ असा लावतात की गरीब तरुणाला बंदूक उचलताना गमावण्यासारखं फारसं नसतं. फिअरन आणि लेटिन म्हणतात, गरीब देशाची पोलीस-प्रशासन यंत्रणा दुबळी असते, डोंगरात रस्ते नसतात, म्हणून बंडखोर टिकतात. आकडा एकच, अर्थ दोन. देशपातळीवरच्या तक्त्यातून हा वाद सुटत नाही. कितीही वर्षांची माहिती ओतली तरी नाही, असं माझं मत.

म्हणून लोक जिल्हापातळीवर उतरले. नेपाळवर क्वी-तोआन दो आणि लक्ष्मी अय्यर यांनी तेच केलं. गरिबीचे आकडे त्यांनी मुद्दाम १९९५-९६ चे, म्हणजे युद्ध पेटण्याआधीचे घेतले. जास्त गरीब, डोंगराळ आणि जंगल असलेल्या जिल्ह्यांत मृत्यू जास्त, असं त्यांना दिसलं. काम चोख आहे. पण मोजले जातात ते मृत्यू, आणि ते कोणी घडवले? इन्सेक या नेपाळी मानवाधिकार संस्थेच्या मोजणीत सुमारे १३ हजारांपैकी आठ हजारांहून जास्त माणसं राज्याच्या हातून मेली. त्यामुळे असा नकाशा बंडखोरांना पाठिंबा कुठे होता ते सांगतो, की सैन्य कुठे पाठवलं गेलं ते, हे आधी ठरवावं लागतं.

राज्यशास्त्रज्ञ स्टॅथिस कॅलिव्हास यांनी १९४० च्या दशकातल्या ग्रीसमधल्या अर्गोलिद भागाचा गावोगावचा अभ्यास करून याला आणखी एक पीळ दिला. जिथे एका बाजूचा पूर्ण ताबा, तिथे माणूस हेरून मारण्याची गरज उरत नाही. जिथे दोघांचा जोर सारखा, तिथे जिवाच्या भीतीनं कोणी खबर देत नाही. निवडून केलेल्या हत्या होतात त्या एका बाजूचा वरचष्मा असूनही पूर्ण ताबा नसलेल्या गावांत. तेव्हा मृत्यू कमी म्हणजे बंडाचा जोर कमी, हे समीकरण सोडून द्यायचं.

आपल्याकडे गडचिरोलीतल्या नक्षलवादी हिंसेवर असंच काम करायचं असेल तर उप्सालाचीच घटनावार माहिती, १९८९ पासूनची, फुकट मिळते. प्रत्येक ओळीत मृत्यूंचे तीन अंदाज असतात: किमान, कमाल आणि सर्वांत विश्वासार्ह. स्थळाच्या अचूकतेला १ ते ७ असा संकेतांक असतो. १ म्हणजे नेमकं ठिकाण, २ म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या आत, ३ म्हणजे फक्त जिल्हा ठाऊक. जिल्हाच ठाऊक असलेल्या घटना नकाशावर एकाच प्रातिनिधिक बिंदूवर गोळा होतात आणि नसलेला 'हॉटस्पॉट' उगवतो. तालुकावार विश्लेषणात ३ आणि त्यापुढचे संकेतांक गाळा, आणि किती घटना गाळल्या ते लिहा. सरकारी बाजू, बंडखोर, नागरिक आणि अज्ञात असे मृतांचे चार रकाने वेगळे असतात. चकमकीत मेलेला माणूस नक्षलवादी होता की गावकरी, यावर वाद असतो अशा भागात गणित एकदा मुळाबरहुकूम आणि एकदा बंडखोर व नागरिकांचे रकाने एकत्र करून चालवा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच पुढचं लिहायला घ्या.