काडी तपासणीचा शुक्रवार

सप्टेंबर उजाडला की आमच्या प्रयोगशाळेत ओल्या गोणपाटाचा वास भरून राहतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे द्राक्ष बागायतदार काड्यांच्या जुड्या गोणपाटात गुंडाळून आणतात. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीच्या, आधी काडी तपासायची असते. काडीवरच्या कितव्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या अंकुरात, घड आहे हे कळल्याशिवाय कात्री कुठे लावायची ते ठरत नाही. मी ब्लेडने डोळ्याचा काप घेते, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते आणि तक्त्यात लिहिते: घड, गोळी (अर्धवट राहिलेला घड), वांझ.

मी नाशिकरोडला राहते आणि रविवारच्या मिस्सेत वाचक म्हणून सेवा करते. चर्चच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. अ वर्षात मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षात मार्कचं, क वर्षात लूकचं. अ वर्षी सामान्यकाळाच्या पंचविसाव्या, सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या रविवारी ओळीने द्राक्षमळ्याचे दाखले येतात, आणि ते नेमके आमच्या छाटणीच्या दिवसांत पडतात. 2023 साली 24 सप्टेंबरला मजुरांचा दाखला झाला, ज्यात संध्याकाळी आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा रोज मिळतो. पुढच्या रविवारी बापाने मळ्यात पाठवलेल्या दोन मुलांचा. 8 ऑक्टोबरला दुष्ट खंडकऱ्यांचा होता, आणि त्या दिवशीचं पहिलं वाचन माझ्याकडे आलं होतं: बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा पाचवा अध्याय, पहिल्या सात ओव्या. झेरॉक्स घडी करून मी अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवली होती. दोन काड्यांच्या मध्ये वेळ मिळाला की काढून वाचायची.

शुक्रवारी दुपारी एक काका आले. गळ्यात तुळशीची माळ, हातात जुडी. दोन एकर थॉम्पसन द्राक्षांची बाग. जुडी माझ्यासमोर ठेवताना त्यांनी गोणपाटाची गाठ इतकी सावकाश सोडली की मला वाटलं, ह्यांना निकाल आधीच माहीत आहे.

डोळ्यावरची तपकिरी खवली काढली की आत कापसासारखी लव लागते. ती बाजूला सारली की चांगल्या डोळ्यात हिरवट पांढरा इवलासा घड दिसतो, खांद्यांसकट, पुढच्या फेब्रुवारीत पेटीत जाणारा. काकांच्या काडीत पहिल्या डोळ्यात लव होती, पानाच्या कोवळ्या घड्या होत्या, घड नव्हता. दुसऱ्यात नव्हता. पाचव्यात गोळी होती. अशी गोळी बहुधा जिरते आणि तिची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, होते. मी दुसरी काडी घेतली, मग तिसरी. दहा काड्यांचे शंभर डोळे झाले तेव्हा तक्त्यात घड 17 होते. तेही जवळजवळ सगळे आठव्या-नवव्या डोळ्यावर, सबकेनच्या (शेंडा खुडून वाढवलेल्या फुटीच्या) गाठीच्या पुढे.

"सांगा मॅडम," ते म्हणाले.

मी सांगितलं. ते गप्प राहिले. मग हिशेब मांडावा तसं बोटं मोडत बोलू लागले. शेणखत चार ट्रॉल्या. पाणी टँकरचं. डाऊनी रोगासाठी फवारणी एकही चुकली नाही. दोघं नवराबायको मिळून सबकेन केलं, मजुरावर सोडलं नाही. मागच्या हंगामात भाव पडले, माल वेलीवर राहिला, तोडणी लांबली आणि माल निघाल्यावरची खरड छाटणी मेच्या मध्यावर गेली. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्हीच सांगा, माझ्या हातून काय करायचं राहिलं?"

उत्तर मला माहीत होतं. खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात घड धरतो. त्या काळात काडीवर ऊन पडायला हवं. त्यांचे ते दिवस जूनअखेर ते जुलैच्या ढगांत गेले. त्यांच्या हातून काहीच राहिलं नव्हतं. पण हे तोंडातून निघेना, कारण खिशातल्या कागदावर चौथी ओवी जवळपास हेच विचारत होती: मी माझ्या मळ्यासाठी केलं नाही असं आणखी काय उरलं होतं?

मी ती ओवी लहानपणापासून ऐकत आले. दर वेळी ती मला दटावणी वाटायची. देव रागावलाय आणि आपण आंबट द्राक्षं आहोत, एवढंच समजायचे. यशयाने सुरुवातीलाच ह्याला प्रीतीचं गाणं म्हटलंय, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. मालकाने सुपीक टेकडी निवडली, दगड वेचले, उत्तम वेल लावले, मधोमध राखणीचा माळा उभारला, रस काढायचं कुंड खोदलं. फादरांनी वाचकांच्या बैठकीत शेवटच्या ओवीतला हिब्रू शब्दांचा खेळ समजावला होता: त्याने मिश्पात म्हणजे न्यायाची वाट पाहिली आणि मिस्पाख म्हणजे रक्तपात मिळाला; त्सेदाका म्हणजे नीतिमत्त्वाची वाट पाहिली आणि त्सेआका, आक्रोश, कानावर आला. शब्द किती जवळचे आणि पीक किती वेगळं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पण विचारणारा माणूस काउंटरच्या पलीकडे तुळशीची माळ घालून उभा आहे, असं कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. हा आवाज रागाचा नव्हता.

"काही राहिलं नाही काका. ढग आडवे आले."

मग मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि नवव्या डोळ्याचा एक काप ठेवला. एक डोळा मिटून ते बराच वेळ पाहत राहिले. "आहे की," ते हळूच म्हणाले. गाठीच्या पुढे काडी लांब राखा, नवव्या डोळ्याच्या पुढे छाटा, डोळे फुटण्यासाठीची पेस्ट लावताना तोच डोळा सांभाळा, असं मी कागदावर लिहून दिलं. रविवारपासूनच छाटणी धरतो, सुरगाण्याची मजुरांची टोळी आलेली आहे, असं म्हणून त्यांनी गोणपाटाची घडी केली आणि कागद खिशात ठेवला.

रविवारी चौथ्या ओवीपाशी मी थांबले. ठरवून नाही, काकांनी बोटं मोडून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं होतं, तेवढाच वेळ. पुढे कुंपण काढून टाकण्याचं, काटेकुटे माजण्याचं, ढगांना पाऊस पाडू नका म्हणण्याचं येतं. ते मी आवाज न चढवता वाचलं. खाली येऊन बसले तेव्हा शेजारच्या आजी कानात म्हणाल्या, "आज सावकाश वाचलंस गं."

मग ऐंशीवं स्तोत्र सुरू झालं. त्यात वेलीकडची माणसं मालकाला हाक मारतात: कुंपण का मोडलंस, स्वर्गातून खाली बघ, ह्या वेलीची काळजी घे. आम्ही सगळे प्रतिसाद देत होतो आणि चांदवडच्या बाजूला दोन एकरांत टोळी ओळीला लागली असेल, काका पुढे उभे राहून प्रत्येक काडीवर नववा डोळा मोजून दाखवत असतील.