रोझडेलच्या बंद लोहमार्गावरून दिवसभराची पायपीट

इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थ यॉर्क मूर्स या उंच माळरानाच्या माथ्यावरून जाणारा रोझडेलचा लोहमार्ग १९२९ साली बंद झाला आणि त्याचे रूळ उखडण्यात आले. रुळांखालची वाट मात्र अजून शाबूत आहे. नोकरीनिमित्त मिडल्सब्रोला राहत असल्यामुळे ही वाट एका दिवसात पार करण्याचे मी ठरवले. अंतर पंचवीस किलोमीटरहून अधिक आहे, व्हिटबीच्या मार्गावर गाड्या मोजक्याच धावतात आणि वाट जिथे संपते त्या बाजूला रेल्वे नाही, म्हणून परतीची टॅक्सी मी आधीच ठरवून ठेवली होती.

व्हिटबीच्या मार्गावरील बॅटर्सबी स्थानकावर उतरून गावरस्त्याने आणि पुढे जंगलातून जाणाऱ्या जुन्या मार्गाने मी इंगल्बी उताराच्या पायथ्याशी पोहोचलो. दिवसाची खरी चढण एवढीच, पण ती अंगावर येते. सुमारे १३०० मीटर लांबीच्या या सरळ उतारावर काही ठिकाणी चढ पाचास एक (पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) इतका तीव्र आहे. तिथे इंजिनाचा उपयोग नव्हता. माथ्यावरील मोठ्या पिंपांना गुंडाळलेल्या तारदोरांवर भरलेल्या वाघिणी खाली सोडल्या जात आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. मला वर ओढणारे कोणी नसल्यामुळे मी दर काही मिनिटांनी थांबत गेलो.

माथा सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून पुढे सारे चित्रच बदलते. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १८६१ मध्ये हा मार्ग रोझडेलच्या खाणींतील लोहखनिज नेण्यासाठी सुरू केला. जड गाड्यांना चढ टाळावा लागत असल्याने मार्ग समान उंची धरून प्रत्येक घळीला वळसा घालतो. त्यामुळे ब्लोवर्थ क्रॉसिंगनंतर, फार्नडेल खोऱ्याच्या शिरोभागी, एक विलक्षण प्रकार अनुभवास येतो: तासाभराने आपण जिथे असणार तो भराव दरीपलीकडे समोरच दिसत असतो, सरळ गेल्यास अगदी जवळ वाटतो, आणि तरीही वाट आपल्याला मुकाट्याने आत, घळीच्या टोकापर्यंत घेऊन जाते. पाय थकण्याआधी धीर थकतो, असे माझे मत झाले. ऑगस्ट असल्यामुळे दोन्ही बाजूंना हेदरची खुरटी झुडपे जांभळ्या रंगाने फुललेली होती आणि मधूनच ग्राउस पक्षी कर्कश ओरडत पायांजवळून उडत. आडोसा कुठेच नाही. वारा सुटला की तो सोसण्यावाचून गत्यंतर नसते. पिण्याचे पाणी सोबत नेणेच उत्तम.

ब्लेकी येथील लायन इन या जुन्या खाणावळीत मी सूप आणि पाव घेऊन बूट सैल केले. इथे मार्गाला दोन फाटे फुटतात. पश्चिमेचा फाटा लहान आहे, पण मी पूर्वेचा धरला, कारण रोझडेल खोऱ्याच्या शिरोभागाला वळसा घालून तो जुन्या भट्ट्यांपाशी जातो आणि माझ्या मते साऱ्या चालीचे सार्थक तिथेच होते. दगडी कमानींच्या या भट्ट्यांत खनिज भाजले जाई. त्यातील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने वजन घटे आणि वाहतुकीचा खर्च वाचे. १९२६ मध्ये खाणकाम थांबल्यावरही भट्ट्यांपाशी साठलेला खनिजाचा चुरा काही काळ याच मार्गाने नेला जात होता. कमानींखाली उभे राहिल्यावर सकाळच्या त्या उताराची गरज नेमकी उमगली.

भट्ट्यांपासून रोझडेल ॲबी गावापर्यंतची शेतांमधली उतरण थकलेल्या गुडघ्यांना सकाळच्या चढणीपेक्षा अवघड गेली. ज्यांना एवढे अंतर नको असेल त्यांनी ब्लेकीपर्यंत वाहनाने येऊन केवळ पूर्वेचा फाटा चालावा; फार्नडेलचा कंटाळवाणा वळसा मात्र त्यांच्या वाट्याला येणार नाही, आणि मला तरी तो चुकवावासा वाटला नसता.