पार्वतीचं पोट

माझं डोहाळजेवण सातव्या महिन्यात, माहेरी इचलकरंजीला झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळ्याला शेवंतीच्या माळा. मला नीट बसताही येत नव्हतं, पाय सुजले होते, आणि मामीने स्पीकर लावला : ‘कुणीतरी येणार येणार गं’. सगळ्या बायका टाळ्या वाजवत गायला लागल्या. माझ्या एकदम डोक्यात आलं, की आपण जिच्या कौतुकाचं गाणं म्हणतोय ती गर्भारशी म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे आहे!

मला इतकं हसू आलं की ओटीतले तांदूळ सांडले. आई चिडली.

हे गाणं ज्या सिनेमातलं, तो ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. मी जन्मले त्याच्या नंतर, तरी तो मला पाठ आहे. खोली फक्त जोडप्यांनाच मिळणार म्हणून सुधीरची, म्हणजे सचिनची, सुधा होते, परशाची, म्हणजे बेर्डेंची, पार्वती होते आणि धनंजय माने ‘हा माझा बायको’ म्हणून गडबडतात. आमच्या मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर वर्षभर यातलेच संवाद चालतात. कुणाचं लग्न ठरो, कुणाचं घरभाडं वाढो, उत्तर बनवाबनवीतून येतं.

या ग्रुपवर एक जुनं भांडण आहे. सुधा छान की पार्वती? आमचे दादालोक बहुतेक सुधाच्या बाजूचे. ‘सचिनला साडी काय शोभते रे!’ असं एकाने लिहायचं आणि लगेच खाली ‘म्हणजे तसं नाही हं’ असंही त्यानेच लिहायचं. तो दुसरा मेसेज मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. नजर गेली ती गेली, आता ती परत घ्यायची धडपड. पार्वतीबद्दल लिहिताना मात्र कुणाला असं काही पुसावं लागत नाही.

आम्ही बायका पार्वतीच्या बाजूच्या. का, ते मला त्या झोपाळ्यावर बसल्यावर कळलं. सुधा चापूनचोपून साडी नेसते, लाजते, मान कलती ठेवते. तसं मला नवव्या इयत्तेपासून कधी जमलेलं नाही. पार्वतीच्या अंगावर साडी पाहुणी आल्यासारखी असते. खांदे पुरुषाचे, डोळे भेदरलेले, बाईपण आठवून आठवून करायचं. सातव्या महिन्यात माझं अगदी तेच चाललं होतं. पदर एकीकडे, मी एकीकडे, आणि सगळे म्हणतायत काय तेज आलंय चेहऱ्यावर! सिनेमातल्या इतर गर्भार नायिकांचं पोट नीटनेटकं असतं, उशी बांधल्यासारखं. गंमत म्हणजे उशी बांधायची वेळ जिच्यावर आली त्या पार्वतीचीच तारांबळ मला खरी वाटली.

खरं तर या दोघी दोन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत, असं माझं मत आहे. सुधा बालगंधर्वांच्या घराण्यातली. त्यांचं बघून त्या काळच्या बायका साडी नेसायला, गजरा माळायला शिकल्या. म्हणजे पुरुषाच्या अंगावरून बाईने बाईपण उचललं. पार्वती मात्र तमाशाच्या गवळणीतल्या मावशीची भाची. ती मावशीही पुरुषच असतो, पण तो पुरुष आहे हे लपवायचं नसतंच मुळी. कृष्णाशी हुज्जत घालताना आवाज मुद्दाम घोगरा ठेवायचा, हशा तिथेच असतो. बेर्डेंनी ती मावशी पुण्यातल्या भाड्याच्या घरात आणून बसवली.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मावसभावाचं उत्तर आलं : ‘ताई, पिक्चर बघ, पीएचडी नको करू.’

पण एक गोष्ट मला टोचते, ती त्यालाही लिहिली. २०१० मध्ये ‘नटरंग’ आला तेव्हा हाच भाऊ अतुल कुलकर्णींच्या शरीराबद्दल बोलून थकत नव्हता. त्यातला गुणा आधी पैलवान, मग वजन उतरवून तमाशातला नाच्या. ‘काय मेहनत घेतलीये!’ मेहनतीचं कौतुक झालं, पण त्या नाच्याला पडद्यावर जे सोसावं लागतं त्याबद्दल घरी जेवताना कुणी चकार शब्द काढला नाही. परशा सिनेमा संपायच्या आत साडी सोडणार, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण मोकळे हसतो. गुणाच्या अंगातून नाच्या निघत नाही, मग आपण त्याचे दंड बघतो. भावाने यावर फक्त अंगठा पाठवला.

बेर्डे २००४ मध्ये गेले. हिंदीत त्यांना ‘हम आपके हैं कौन’ मधला नोकर लल्लू म्हणून ओळखणारे भेटतात तेव्हा मला अजूनही राग येतो. अरे, तो आमच्याकडे हिरो होता! हिरोईनही होता.

डोहाळजेवणाच्या शेवटी माझ्या धाकट्या दिराने मामीची जुनी नऊवारी गुंडाळली, पोटाशी लोड घेतला आणि माझ्या शेजारी झोपाळ्यावर येऊन बसला. कड्या कुरकुरल्या. सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन ओवाळायला आल्या, एक क्षण थांबल्या आणि त्यालाही कुंकू लावलं. त्याच्या पेढा-बर्फीच्या वाटीत बर्फी निघाली. ती त्याने लगेच खाऊन टाकली.