तुम्ही विचारलंत म्हणून: काका बुडाला कसा

लग्नात, बारशाला, हल्ली फोनवरसुद्धा कोणी ना कोणी विचारतंच. "तुमचे 'खुखरी' युद्धनौकेवरचे काका पोहण्यात पट्टीचे होते म्हणे, मग बुडाले कसे?" उचगावातल्या जुन्या लोकांनी त्याला मार्कंडेय नदीच्या पुरात सूर मारताना बघितलेलं, म्हणून त्यांना हे पटत नाही. आता एकदा लिहूनच टाकतो.

९ डिसेंबर १९७१. रात्री पावणेनऊच्या सुमाराला दीवच्या पुढे भर समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांतच जहाज खाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही त्यांतच. काका लोणावळ्याला 'शिवाजी'त, म्हणजे नौदलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रशिक्षण केंद्रात, शिकून इंजिनरूममध्ये लागलेला. त्या वेळी तो वॉचवर, म्हणजे ड्युटीवर होता की झोपायला गेला होता, कुणी सांगितलं नाही. दोन्ही जागा डेकच्या खालीच. अंधार, लोखंडी शिडी, तिच्यावर चढू बघणारी माणसं आणि आत घुसणारं पाणी. सांगा, तिथं पोहायचं कुठं?

दुसरा प्रश्न, घरात सगळे मराठा सेंटरचे, म्हणजे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतले, मग हाच नेव्हीत का? भरती निघाली, गेला. आजोबा हवालदार होते, ते 'पाण्यातली चाकरी' म्हणून तोंड वाकडं करायचे, एवढंच.

मला खरं कुणी विचारत नाही ते वेगळंच आहे.

तार आली तरी आजीनं ती मानली नाही. पाकिस्ताननं काहींना पकडून नेलं असेल, ही आशा घरात वर्षभर जिवंत होती. डिसेंबर १९७२ मध्ये वाघ्यावरून आपले युद्धकैदी परत आले, त्यांत तो नव्हता. मग आजोबांनी पालाशविधी, म्हणजे देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा विधी, करायचं ठरवलं. भटजीच म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. आजोबा म्हणाले, "बेपत्ता नाही. तार आलीय."

अंगणात भटजींनी पळसाचे देठ मांडायला घेतले. ३६० देठ, मध्ये दर्भ, डोक्याच्या जागी नारळ, वरून लोकरीचा दोरा. मी तेव्हा शाळकरी, देठ मोजून द्यायला बसलेलो. आजी आतून आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "येवढुसं न्हवतं माझं पोरगं."

भटजी म्हणाले, "आई, देठांची संख्या ठरलेली असते."

"मग लांब देठ घ्या की."

कुणी काही बोलेना. ती आत गेली, ट्रंकेतून त्याची पॅन्ट काढून आणली आणि पुतळ्याशेजारी जमिनीवर अंथरली. पॅन्टच्या मोहरीपर्यंत पाय पोचेनात. बाबा सायकल काढून पुन्हा पळस आणायला गेले. सगळं सोडून नव्यानं बांधलं. पाय मोहरीला लागेपर्यंत आजी तिथून हलली नाही. मग पॅन्ट झटकली, घडी घातली आणि आत नेऊन ठेवली. ती पुतळ्यासोबत द्या असं कुणीतरी सुचवलं, तर तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. संध्याकाळी बाबांनी नदीकाठी अग्नी दिला.

कॉलेजात असताना मी भयंकर तापलेलो असायचो. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींवरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगासाठी 'खुखरी'चा वेग कमी ठेवला होता हे वाचल्यावर तर कुणाकुणाला जाब विचारावा असं झालेलं. त्या पोराला आज मी म्हणेन, अरे बाबा, पाणबुडी हुडकायला गेलेलं जहाज सोनार सुधारून बघणार नाही तर काय करणार? त्यावर तो म्हणेल, मग मेला कोण? याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याचा राग पोरकट होता असंही म्हणवत नाही.

दीवला स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. मी जाऊन आलो. बाबांना चला म्हटलं तर म्हणाले, "मी एकदा अग्नी दिलाय."

आत्याचं मात्र अजून तेच. बारा वर्षं थांबायला हवं होतं, बापानंच घाई केली. थांबून काय झालं असतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आईला बारा वर्षं मिळाली असती." आजोबांचं चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही, आणि आत्यालाही खोडून काढत नाही.