मॅटखालचा पत्रा

"मिस्त्री, हे जुनं मॅट काढा आणि चांगलं जाड कार्पेट चिकटवून द्या, या दारापासून त्या दारापर्यंत," चावी हातात देत काका म्हणाले. पिकअप जुनी, पण जिवापाड जपलेली. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा भपकारा आला. मॅटवर हात फिरवला, ठणठणीत कोरडं.

मॅट उचललं. खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा जाड थर, मुठीत पिळला तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. पत्रा काळपट पडून पोपडे सुटलेले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो असा पापुद्रे धरून फुगतो. ड्रायव्हरच्या टाचेच्या जागी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर आरपार गेला. भोकातून खालची जमीन दिसत होती. काकांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. वरून इतकी चकचकीत गाडी!

कार्पेटचं नंतर बघू म्हटलं, आधी पाणी येतंय कुठून? पाण्याला गोडसर वास नव्हता, बोटाला चिकटतही नव्हतं, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट नव्हे. पोऱ्याला काचेवर पाण्याची नळी धरायला लावली आणि मी बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झालो. थोड्याच वेळात थेंब दिसला. काचेचं रबर शाबूत होतं. पाणी वायपरखालच्या जाळीतून येत होतं. तिथली निचऱ्याची वाट कुजलेल्या पाल्यानं पार बुजली होती. मूठभर पाला, आणि त्यापायी अख्खा तळ गेला.

सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला, सांध्यांना सीलंट, खालून-वरून इपॉक्सी प्रायमर, मग रंग. तळाची रबरी बुचंही बदलली.

काकांचं कार्पेट अजून डोक्यात होतंच. मी त्यांना तो पिळलेला नमदा दाखवला. कार्पेटखाली हाच बसतो आणि भिजला की लवकर वाळत नाही. व्हिनाइल चिकटवलं तर वरचं पाणी अडेल, पण जाळीकडून आत शिरलेलं पाणी त्याच्याखालीच कोंडून राहील. डांबरी शीट जुनी झाली की तडकते आणि त्या चिरांतून ओल खाली मुरते. आवाज कमी हवा असेल तर ब्यूटिलची, म्हणजे चिकट रबराची शीट, तीही पूर्ण वाळलेल्या रंगावर, हवा राहणार नाही अशी रोलरनं दाबून आणि तळाची बुचं न झाकता. त्यावर काठ उंच असलेलं रबरी मॅट, सुटंच. "काका, हातानं उचलता येईल तेच घाला." हो म्हणाले, पण मन नव्हतं.

पावसाळा सरल्यावर ते परत आले. मी विचारायच्या आत त्यांनीच मॅट उचललं. पत्रा कोरडा, बोटाला नुसती धूळ. फक्त सीटच्या एका बोल्टाभोवती लालसर ठिपका होता. तेवढाच घासला, प्रायमरचा हात दिला आणि वाळेपर्यंत मॅट उन्हात टाकलं.